हिरव्या प्रकाशाची खूण : जेलीफिशपासून जनुकशास्त्रापर्यंत

तथागत भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना केलेला उपदेश आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली, ग्रंथात लिहिली आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितली, एवढ्यावरून ती मान्य करू नका. स्वतः तपासा आणि मगच स्वीकारा, हे त्या उपदेशाचे सार. धम्माच्या गुणांत 'एहिपस्सिको' हा एक गुण सांगितला आहे. 'या आणि पाहा' असा त्याचा अर्थ. प. पू. बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना बुद्धिप्रामाण्यावर जो भर दिला, त्याचे मूळ येथेच आहे.

परंतु काही गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत. त्या 'या आणि पाहा' म्हणून कशा दाखवायच्या? जिवंत पेशीत एखादे जनुक केव्हा जागे होते, त्याच्या आज्ञेने बनलेले प्रथिन कोठे जाते, हे प्रश्न जनुकशास्त्रापुढे अनेक दशके उभे होते. त्यांचे उत्तर समुद्रातील एका जेलीफिशच्या हिरव्या प्रकाशाने दिले. त्या शोधाची माहिती विद्यार्थ्यांना आणि सभासदांना साध्या शब्दांत द्यावी, या हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहोत. दहावीपर्यंतचे विज्ञान ज्याने वाचले आहे, त्याला तो समजण्यास अडचण पडू नये.

१. न दिसणाऱ्याची खूण

जनुक म्हणजे पेशीतील डीएनए या लांब रेणूचा एक तुकडा. त्यात एखादे प्रथिन कसे बनवावे याची आज्ञा सांकेतिक अक्षरांत लिहिलेली असते. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात. पण डोळ्याच्या पेशीत काही जनुके चालू असतात, तर यकृताच्या पेशीत दुसरीच. म्हणून जनुक आहे की नाही एवढे कळून भागत नाही. ते कोठे, केव्हा आणि किती काम करते, हे कळावे लागते.

जनुकशास्त्राने पहिल्यापासून दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्याचा माग काढला. मेंडेलने वाटाण्याच्या दाण्याचा रंग आणि आकार मोजून आनुवंशिकतेचे नियम १८६६ साली प्रसिद्ध केले. १९१० साली टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली. त्या पांढऱ्या डोळ्याच्या खुणेवरून त्यांनी ते जनुक विशिष्ट गुणसूत्राशी निगडित असल्याचे दाखवले. ज्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांनी हे काम केले, त्याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. या विद्यापीठाचे नाव या पाठात आणखी एकदा येणार आहे.

पुढे रंग देणारी रसायने आली. एका जिवाणूचे जनुक खूण म्हणून पेशीत घालायचे आणि वरून विशिष्ट रसायन टाकले की पेशी निळी होते, अशी पद्धत फार वापरात होती. परंतु त्यासाठी बहुधा पेशी मारून, रसायनात मुरवून मग पाहावी लागे. म्हणजे प्रवाशाचा प्रवास समजून घेण्यासाठी गाडी थांबवून छायाचित्र काढण्यासारखे झाले. प्रवास चालू असताना पाहणे शक्य नव्हते.

२. स्वतःचा प्रकाश आणि उसना प्रकाश

पुढे जाण्यापूर्वी एक फरक नीट समजून घेऊ. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतील झाडांवर काजवे लुकलुकतात. काजव्याच्या शरीरात रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून प्रकाश निर्माण होतो. बाहेर काळोख असला तरी तो चमकतो. याला जीवदीप्ती म्हणतात.

दुसरा प्रकार निराळा आहे. पांढऱ्या कपड्यांना टिनोपॉल लावून ते बँकेतील नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरले, तर निळसर झळकतात. त्या दिव्यातून न दिसणारा अतिनील प्रकाश येतो. कपड्यावरील पदार्थ तो शोषून घेतो आणि कमी ऊर्जेचा, म्हणजे आपल्याला दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. दिवा बंद केला की झळाळी संपते. याला फ्लुओरेसन्स किंवा प्रतिदीप्ती म्हणतात. काजव्याचा प्रकाश स्वतःचा, तर टिनोपॉलचा उसना.

आपल्या विषयातील जेलीफिशमध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र आहेत. म्हणूनच तिचे कोडे सुटण्यास वेळ लागला.

३. युद्धात शाळा बुडालेला मुलगा

हे कोडे सोडवणारे शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा. त्यांचा जन्म १९२८ साली जपानमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात शाळेतील मुलांना कारखान्यात कामाला लावले होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हा सोळा वर्षांचे शिमोमुरा जवळच्या इसाहाया गावातील कारखान्यात होते. खिडकीतून आलेल्या लखलखाटाने त्यांचे डोळे दिपले आणि सुमारे अर्धा मिनिट त्यांना काही दिसेना. घरी परतताना काळा पाऊस पडला आणि अंगातला पांढरा सदरा करडा झाला. आजीने त्यांना ताबडतोब आंघोळ घातली.

युद्ध संपल्यावर कॉलेजात प्रवेश मिळेना. बॉम्बमध्ये उद्ध्वस्त झालेले नागासाकीचे औषधनिर्माण विद्यालय तात्पुरते त्यांच्या घराजवळ हलवण्यात आले होते. त्या विषयाची आवड नसतानाही त्यांनी तेथे प्रवेश घेतला, कारण शिकण्याचा तेवढाच मार्ग मोकळा होता. १९५१ साली ते पदवीधर झाले आणि तेथेच साहाय्यक म्हणून काम करू लागले. पुढे नागोया विद्यापीठात योशिमासा हिराता या प्राध्यापकांनी त्यांना प्रयोगशाळेत घेतले आणि एक अवघड काम दिले. समुद्रात चमकणाऱ्या एका अगदी लहान शिंपल्यासारख्या जीवातून प्रकाश देणारा पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात काढायचा होता. तो हवेत चटकन बिघडत असे. शिमोमुरा यांनी सुमारे दहा महिने खपून १९५६ साली ते स्फटिक मिळवले. या कामाच्या जोरावर, डॉक्टरेटचे नोंदणीकृत विद्यार्थी नसतानाही, विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

४. दहा हजार जेलीफिश आणि मोरीतील उजेड

१९६० साली प्रिन्स्टन विद्यापीठातील फ्रँक जॉन्सन यांच्या निमंत्रणावरून शिमोमुरा अमेरिकेला गेले. १९६१ च्या उन्हाळ्यात ते दोघे वॉशिंग्टन राज्यातील फ्रायडे हार्बर या समुद्रकाठच्या ठिकाणी आले. तेथे इक्वोरिया व्हिक्टोरिया नावाची जेलीफिश विपुल होती. ती छत्रीसारखी असून काचेसारखी आरपार दिसते. डिवचली की तिच्या छत्रीच्या काठावर हिरव्या प्रकाशाचे ठिपके उमटतात.

त्या काळी शास्त्रज्ञांचा सर्वमान्य समज असा होता की, प्रकाश देणाऱ्या प्रत्येक जीवात लुसिफेरिन नावाचा पदार्थ आणि लुसिफेरेज नावाचे एन्झाइम असते. जेलीफिशमधून हीच जोडी काढण्याचे प्रयत्न झाले आणि ते फसले. शिमोमुरा यांनी तो समज बाजूला ठेवला. जो पदार्थ प्रकाश देतो तो कोणताही असो, तो मिळवायचा, असे त्यांनी ठरवले. पण एक अडचण होती. काठाच्या पट्ट्या कापून पिळल्या की अर्क चमकत राही आणि चमकून संपून जाई. काढता काढता पदार्थ खर्च होई. तेव्हा चमक तात्पुरती थांबवण्याचा उपाय हवा होता. बराच विचार केल्यावर त्यांनी अर्क आम्लधर्मी करून पाहिला आणि प्रकाश थांबला. आम्लता घालवली की तो मंदपणे परत येई.

काम संपल्यावर त्यांनी उरलेले द्रावण मोरीत ओतले. त्याबरोबर मोरीत लख्ख निळा उजेड पडला! मत्स्यपेटीतील समुद्राचे पाणी त्या मोरीत वाहून येत होते. त्या पाण्यातील कॅल्शियममुळे प्रकाश पेटतो, हे त्यांच्या लक्षात आले. आता प्रकाश थांबवायचा कसा आणि पेटवायचा कसा, दोन्ही कळले होते. सुमारे १०,००० जेलीफिशपासून त्यांना अवघे ५ मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन मिळाले. त्याचे नाव त्यांनी इक्वोरिन ठेवले.

मात्र इक्वोरिनचा प्रकाश निळा, आणि जेलीफिशचा हिरवा. असे का? शुद्धीकरण करताना दुसरे एक प्रथिन अल्प प्रमाणात हाती लागले होते. ते सूर्यप्रकाशात किंचित हिरवट, साध्या बल्बच्या उजेडात पिवळसर आणि अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवे दिसे. १९६२ सालच्या निबंधात त्याचा उल्लेख केवळ टिपेपुरता आहे. याच प्रथिनाला पुढे हिरवे प्रतिदीप्त प्रथिन, इंग्रजी आद्याक्षरांनी 'जीएफपी' हे नाव मिळाले.

या जेलीफिशमध्ये कार्यकारणाची साखळी पाहण्यासारखी आहे. कॅल्शियम आले की इक्वोरिन जागे होते. इक्वोरिनची ऊर्जा शेजारच्या हिरव्या प्रथिनाकडे जाते. ते हिरवा प्रकाश देते. एक कडी काढली की पुढचे घडत नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा विचार ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

शिमोमुरा यांनी पुढील अनेक उन्हाळे पत्नी व मुलांसह लांब दांड्याच्या जाळ्यांनी जेलीफिश गोळा केल्या. एकंदर संख्या साडेआठ लाखांच्या घरात गेली. १९७९ साली या प्रथिनाच्या प्रकाश देणाऱ्या भागाची रासायनिक रचना त्यांनी मांडली. या कामाचा व्यवहारात काय उपयोग होईल, हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते.

५. कंदिलाची रचना

जीएफपी हे २३८ अमिनो आम्लांच्या माळेचे प्रथिन आहे. ही माळ गुंडाळली जाऊन ११ पट्ट्यांचे एक पिंप तयार होते. ही रचना १९९६ साली स्पष्ट झाली. पिंपाच्या मध्यातून माळेचा एक भाग जातो आणि त्यातील ६५, ६६ व ६७ क्रमांकांची अमिनो आम्ले एकमेकांशी जोडली जाऊन प्रकाश देणारा गाभा बनतो. कंदिलाची वात काचेमुळे वाऱ्यापासून सुरक्षित राहते, तसा हा गाभा पिंपाच्या आत सुरक्षित राहतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हा गाभा प्रथिन स्वतःच तयार करते. त्याला फक्त हवेतील प्राणवायू लागतो. जेलीफिशमधील दुसरे कोणतेही एन्झाइम लागत नाही. पण हे सिद्ध व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

६. जनुक हाती आले, अनुदान संपले

अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी संशोधन संस्थेत डग्लस प्रॅशर नावाचे शास्त्रज्ञ होते. या प्रथिनाचे जनुक मिळाले तर ते इतर पेशींत खूण म्हणून वापरता येईल, हा विचार त्यांनी फार लवकर केला होता. त्यांनी जनुक शोधून त्याची संपूर्ण अक्षरमाला १९९२ साली प्रसिद्ध केली. परंतु तोपर्यंत त्यांचे अनुदान संपत आले होते आणि पुढील अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्या पेशीत हे जनुक चमकते की नाही, हा शेवटचा प्रयोग करण्यास त्यांच्याजवळ पैसा उरला नाही.

त्याच वेळी दोन शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे जनुकाची मागणी केली. एक कोलंबिया विद्यापीठातील मार्टिन चॅल्फी आणि दुसरे कॅलिफोर्नियातील रॉजर चिएन. प्रॅशर यांनी जनुक दोघांनाही टपालाने पाठवून दिले. आपल्या अनेक वर्षांच्या कष्टाचे फळ त्यांनी असे दुसऱ्यांच्या हाती दिले.

चॅल्फी सी. एलेगन्स नावाच्या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक जंतावर काम करीत होते. या जंताच्या ३०२ चेतापेशींपैकी सहा पेशी हळुवार स्पर्श ओळखतात. जंत पारदर्शक असल्याने आत चमकणारी खूण लावली तर ती जिवंतपणीच दिसेल, हे त्यांनी ओळखले. जेलीफिशची इतर एन्झाइमे सोबत असल्याखेरीज प्रथिन चमकणार नाही, असे अनेकांना वाटत होते. चॅल्फी यांच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थिनी गिया युस्कर्चेन हिने १९९२ साली हे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातले. जिवाणू हिरवे चमकले. त्यानंतर जंताच्या स्पर्शपेशीही चमकल्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये हा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर प्रॅशर यांचेही नाव होते.

येथे एक विचार मनात ठेवण्याजोगा आहे. जेलीफिशचे जनुक जिवाणूला वाचता आले, जंताला वाचता आले. पुढे माशी, उंदीर आणि वनस्पती यांनाही वाचता आले. कारण सर्व सजीवांची जनुकीय लिपी मुळात एकच आहे. ज्या देशात माणसामाणसांत जन्मावरून भिंती उभ्या केल्या गेल्या, त्या देशातील विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

७. खूण लावण्याच्या दोन रीती

जनुकशास्त्रात जीएफपीची खूण मुख्यतः दोन प्रकारे लावतात.

पहिली रीत इस्त्रीच्या दिव्यासारखी आहे. इस्त्रीत वीज आली की लहान लाल दिवा लागतो. तो कपडे गरम करीत नाही. वीज चालू आहे एवढेच सांगतो. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा बटणासारखे काम करतो. अभ्यासायच्या जनुकाचे हे बटण घेऊन त्याला जीएफपीचे जनुक जोडायचे. ज्या पेशीत, ज्या वेळी ते बटण दाबले जाईल, त्या पेशीत त्या वेळी हिरवा प्रकाश दिसेल. चॅल्फी यांनी स्पर्शपेशी याच रीतीने दाखवल्या.

दुसरी रीत मालगाडीच्या शेवटच्या डब्यावरील दिव्यासारखी आहे. रेल्वेत काम केलेल्या आपल्या सभासदांना तो दिवा चांगला माहीत आहे. तो गाडीला जोडलेला असतो, म्हणून गाडी जाईल तेथे जातो. अभ्यासायच्या जनुकाच्या टोकाला जीएफपीचे जनुक असे जोडायचे, की दोन्ही प्रथिने एकसंध तयार होतील. मग ते प्रथिन पेशीकेंद्रात गेले, पेशीच्या आवरणावर बसले की एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघाले, हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसते. पेशी मारावी लागत नाही.

दोन्ही रीतींतील फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावा. पहिलीत जनुक चालू आहे का ते कळते, तर दुसरीत प्रथिन कोठे आहे ते कळते.

८. रंगांची पेटी

रॉजर चिएन यांनी या प्रथिनात हेतुपूर्वक बदल केले. ६५ व्या जागेवरील सेरीन हे अमिनो आम्ल काढून तेथे थ्रिओनीन बसवले, तर प्रकाश अधिक तेजस्वी होतो, हे त्यांच्या गटाने १९९५ साली दाखवले. निरनिराळे बदल करून निळा, आकाशी आणि पिवळा असे रंगही मिळाले. लाल रंग मात्र जेलीफिशमधून मिळेना. १९९९ साली रशियातील मिखाइल मात्झ, सर्गेई लुक्यानोव आणि सहकाऱ्यांनी प्रवाळाच्या जातीच्या जीवांतून लाल प्रथिन शोधून काढले. त्यात सुधारणा करून चिएन यांच्या प्रयोगशाळेने २००४ साली चेरी, टोमॅटो अशा फळांची नावे दिलेली लाल-नारिंगी प्रथिने तयार केली.

अनेक रंग मिळाल्याने एकाच पेशीतील दोन-तीन प्रथिने एकाच वेळी पाहता येऊ लागली. २००७ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदराच्या मेंदूतील चेतापेशींना रंगांच्या सुमारे नव्वद छटा दिल्या. गुंतलेल्या तारांच्या जुडग्यात प्रत्येक तार वेगळ्या रंगाची असावी, तशा त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या.

९. रोगांच्या अभ्यासात उपयोग

हिवतापाचे उदाहरण घेऊ. उंदरांना होणाऱ्या हिवतापाच्या परजीवीत जीएफपीचे जनुक घालून पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २००६ साली दाखवले की, डास चावल्यावर परजीवी काही काळ कातडीतच हिंडतात. काही रक्तवाहिनीत शिरतात, तर काही लसिकाग्रंथींकडे जातात. डास चावला की परजीवी थेट रक्तात जातात, हे आपल्यापैकी अनेकांच्या मनातील चित्र त्यामुळे बदलावे लागते.

क्षयाच्या जंतूंना हिरवी खूण लावून औषधाने ते मरतात की टिकून राहतात, हे तपासता येते. कर्करोगाच्या पेशींना खूण लावून त्या उंदराच्या शरीरात कोठे पसरतात, हे पाहता येते. पिकांत नवे जनुक घातल्यावर ते कोणत्या पेशीत गेले, हे खुणेवरून ओळखता येते. पाण्यात आर्सेनिक असल्यास चमकणारे जिवाणूही तयार करण्यात आले आहेत. आपल्याकडे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातील आयसर येथील प्रयोगशाळांत ही प्रथिने आज रोजच्या वापरात आहेत.

१०. मर्यादा आणि विवेक

कोणत्याही साधनाची मर्यादा न सांगता केवळ स्तुती करणे हे विज्ञानाला धरून नाही. जीएफपी स्वतः आकाराने लहान नाही. ते जोडल्याने मूळ प्रथिनाच्या कामात अडथळा येऊ शकतो. म्हणून खूण लावलेले प्रथिन पूर्वीप्रमाणे काम करते का, हे आधी तपासावे लागते. प्राणवायू नसेल तेथे ते चमकत नाही. फार वेळ तीव्र प्रकाश टाकल्यास खूण फिकी पडते आणि पेशीला इजाही होते. आणि मुख्य म्हणजे खूण हा उपचार नव्हे. ती रोग दाखवते, बरा करीत नाही.

नैतिक प्रश्नही आहेत. सिंगापूर येथे पाण्याचे प्रदूषण ओळखता यावे या उद्देशाने चमकणारे झेब्रा मासे तयार करण्यात आले. २००३ च्या अखेरीस असे मासे अमेरिकेत शोभेसाठी विकण्यास सुरुवात झाली. ब्राझीलमधील ओढ्यांत हे मासे मोकळे फिरत असून त्यांची वीणही होत असल्याची नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली. ज्ञानाच्या कामासाठी प्राण्यावर प्रयोग करणे आणि केवळ हौसेसाठी प्राणी चमकवणे यांत फरक आहे. करुणा आणि प्रज्ञा यांची सांगड येथेही हवी.

११. आपण काय घ्यावे?

२००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चॅल्फी आणि चिएन यांना मिळाले. हे पारितोषिक एका वेळी तिघांपेक्षा अधिक जणांना देता येत नाही. ते जाहीर झाले तेव्हा डग्लस प्रॅशर अलाबामा राज्यात एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. संशोधनातील नोकरी जाऊन त्यांना बराच काळ लोटला होता. चॅल्फी आणि चिएन यांनी त्यांच्या कामाचे ऋण जाहीरपणे मान्य केले आणि स्वखर्चाने त्यांना पत्नीसह स्टॉकहोमच्या समारंभास नेले. २०१२ साली चिएन यांच्या प्रयोगशाळेत ते पुन्हा संशोधनाला लागले. चिएन २०१६ साली आणि शिमोमुरा २०१८ साली निधन पावले.

या हकिकतीतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत, असे आमचे मत आहे.

पहिली, तपासून पाहण्याची. प्रत्येक प्रकाशमान जीवात तीच जोडी असते, हा समज शिमोमुरा यांनी तपासला. इतर एन्झाइमांशिवाय प्रथिन चमकणार नाही, हा समज चॅल्फी यांच्या विद्यार्थिनीने तपासला. दोन्ही समज विद्वानांचे होते आणि दोन्ही प्रयोगापुढे टिकले नाहीत. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकही याच दृष्टीने वाचावे. आदर जरूर ठेवावा, पण प्रश्न विचारण्याचे सोडू नये.

दुसरी, कडी तुटू न देण्याची. प्रॅशर यांची बुद्धी कमी पडली नाही. आधार कमी पडला. आपल्याला हे दुःख नवे नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले होते. त्यांनी नोकरी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य मिळाले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. मधली तीन वर्षे कोणी हात दिला नसता, तर काय झाले असते याचा विचार प्रत्येकाने करावा.

आपल्यापैकी अनेक घरांत पदवी घेणारी ही पहिली, दुसरी, फार तर तिसरी पिढी आहे. बी.एस्सी. झालेला हुशार मुलगा किंवा मुलगी घरच्या गरजेपोटी मिळेल ती नोकरी धरते, आणि संशोधनाची वाट तेथेच संपते. शिष्यवृत्ती जाहीर होणे आणि प्रत्यक्ष हाती पडणे यांमध्ये काही महिने जातात. नेमक्या त्याच महिन्यांत शिक्षण सुटते. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आपल्यासारख्या संस्था आनंदाने करतात आणि तो करावाच. पण पदवीनंतरच्या त्या रिकाम्या महिन्यांत एखाद्या विद्यार्थ्याचे खोलीभाडे आणि खाणावळ कोणी भरली, तर ते दान सत्काराच्या शालीपेक्षा अधिक काळ टिकेल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. काजव्याचा प्रकाश आणि टिनोपॉल लावलेल्या कपड्याची झळाळी यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. मोरीत द्रावण ओतल्यावर उजेड का पडला? त्यावरून शिमोमुरा यांनी कोणता निष्कर्ष काढला?

३. खूण लावण्याच्या दोन रीती कोणत्या? एखादे जनुक फक्त मुळांच्या पेशींत चालू असते का, हे पाहायचे असल्यास तुम्ही कोणती रीत वापराल आणि का?

४. जेलीफिशचे जनुक जिवाणूत चालले, यावरून सर्व सजीवांविषयी काय सिद्ध होते?

५. तुमच्या पाठ्यपुस्तकातील असे एक विधान निवडा, जे तुम्ही आजवर तपासल्याशिवाय मानले आहे. ते तपासण्यासाठी कोणता प्रयोग करता येईल, ते लिहा आणि आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.